गतिजन्य धूसरता (दूरचित्रवाणी संच)

गतिजन्य धूसरता किंवा मोशन ब्लर म्हणजे दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावरील हलत्या वस्तूच्या कडा व बारकावे पुसट दिसणे होय. चित्र स्थिर असताना स्पष्ट दिसणारा तपशील ते सरकू लागताच नाहीसा होतो. क्रिकेटचा चेंडू, धावणारा खेळाडू, कॅमेरा आडवा फिरताना दिसणारे प्रेक्षागृह किंवा पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी यांमध्ये हा दोष विशेष जाणवतो. पडदा जितका मोठा आणि पाहणारा जितका जवळ, तितका तो ठळक दिसतो. त्यामुळे मोठ्या पडद्याच्या संचांच्या चित्रगुणवत्तेची तुलना करताना गतिजन्य धूसरता हा एक प्रमुख निकष मानला जातो.

हा दोष केवळ संथ पटलामुळे निर्माण होतो असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात आधुनिक संचांमध्ये त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. प्रत्येक चित्रचौकट (फ्रेम) पडद्यावर किती काळ उजळलेली राहते, यावर धूसरतेचे प्रमाण सर्वाधिक अवलंबून असते.

स्वरूप

पडद्यावर दिसणारी धूसरता दोन ठिकाणी निर्माण होऊ शकते. पहिली चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्यात निर्माण होते. चित्रपटांमध्ये सेकंदाला २४ चौकटी घेतल्या जातात आणि प्रचलित पद्धतीनुसार प्रत्येक चौकटीसाठी शटर सुमारे १/४८ सेकंद उघडे राहते. तेवढ्या वेळात वस्तू जितकी सरकते तितकी ती चौकटीतच पुसट उमटते. ही धूसरता चित्राचाच भाग असल्यामुळे कोणताही संच ती पूर्णपणे काढून टाकू शकत नाही. दुसरी धूसरता संचात, किंबहुना संच आणि डोळा यांच्या संयोगातून निर्माण होते. संचांची तुलना करताना हीच महत्त्वाची ठरते.

गतिजन्य धूसरतेशी पुढील दोषांची गल्लत केली जाते:

- झटके (जडर): चौकटी असमान कालांतराने दाखवल्या गेल्यामुळे गती अडखळती दिसणे.
- सावली (घोस्टिंग): पिक्सेलचा रंग वेळेत न बदलल्यामुळे हलत्या वस्तूमागे आधीच्या चौकटीची छाया रेंगाळणे.
- दुहेरी कडा: एकच चौकट दोन वेळा उजळल्यामुळे हलत्या वस्तूची कड दोनदा दिसणे.
- संपीडनाचे दोष: प्रक्षेपणाचा बिटदर अपुरा असल्यामुळे वेगवान दृश्यात चौकोनी ठोकळे दिसणे किंवा मैदानावरील गवतासारखा बारीक पोत सपाट होणे.

यांपैकी शेवटचा दोष संचाबाहेरचा असतो. महाग संच घेऊनही तो दूर होत नाही. उलट मोठ्या पडद्यावर तो अधिक स्पष्ट दिसतो.

कारणे

चौकटीचा धारणकाळ

हलत्या वस्तूकडे पाहताना मानवी डोळा तिच्यामागे सलग आणि सफाईने सरकत जातो. पडद्यावरील वस्तू मात्र सलग सरकत नाही. एका चौकटीच्या काळात ती एकाच जागी स्थिर असते आणि पुढील चौकटीत एकदम पुढच्या जागी दिसते. द्रव स्फटिक पटल (एलसीडी) व सेंद्रिय प्रकाशोत्सर्जक पटल (ओएलईडी) यांमध्ये प्रत्येक चौकट पुढील चौकट येईपर्यंत अखंड उजळलेली राहते. या काळात डोळा पुढे सरकत असतो आणि चित्र जागीच असते. परिणामी वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर फरफटते आणि मेंदूला ती पुसट वाटते. याला धारणजन्य धूसरता म्हणता येते.

या धूसरतेचे एक वैशिष्ट्य असे, की स्थिर कॅमेऱ्याने अतिशय कमी वेळाचे छायाचित्र घेतल्यास पडद्यावरील चौकट पूर्णपणे स्पष्ट असल्याचे दिसते. दोष चौकटीत नसून ती सरकत्या डोळ्याने पाहण्यात असतो. म्हणूनच तिचे मोजमाप करताना हलत्या आकृतीच्या वेगाने सरकणारा कॅमेरा वापरावा लागतो.

पिक्सेलचा प्रतिसादकाळ

एका पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यासाठी लागणाऱ्या वेळेस प्रतिसादकाळ म्हणतात. द्रव स्फटिक पटलात रेणूंना विद्युत क्षेत्राच्या प्रभावाखाली वळावे लागते. त्यासाठी काही मिलिसेकंद लागतात. व्हीए प्रकारच्या पटलांत काळ्या छटेतून गडद राखाडी छटेत जाण्यास तुलनेने अधिक वेळ लागतो. त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत हलत्या वस्तूंमागे काळपट डाग ओढल्यासारखे दिसू शकतात. हा काळ कमी करण्यासाठी पिक्सेलला क्षणभर गरजेपेक्षा अधिक विद्युत दाब दिला जातो. हे प्रमाण जास्त झाल्यास वस्तूमागे उलट छटेची उजळ सावली दिसते.

ओएलईडी पटलांचा प्रतिसादकाळ एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो. तरीही सेकंदाला ५० किंवा ६० चौकटी दाखवताना या पटलांवर धूसरता दिसतेच, कारण धारणकाळ कमी झालेला नसतो.

पडद्याचा आकार आणि धूसरतेचे प्रमाण

धारणजन्य धूसरतेची रुंदी साध्या गुणाकाराने काढता येते. वस्तूचा पडद्यावरील वेग गुणिले चौकटीचा धारणकाळ म्हणजे धूसरतेची रुंदी. सेकंदाला ५० चौकटी असल्यास धारणकाळ २० मिलिसेकंद असतो. एखादी वस्तू पडद्याची पूर्ण रुंदी दोन सेकंदांत ओलांडत असेल, तर या काळात ती रुंदीच्या १ टक्का अंतर कापते. विविध आकारांच्या १६:९ प्रमाणाच्या पडद्यांवर या वेगाला येणारी धूसरता पुढीलप्रमाणे असते:

- ३२ इंच: पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंमी, धूसरता सुमारे ७ मिमी
- ४३ इंच: रुंदी सुमारे ९५ सेंमी, धूसरता सुमारे १० मिमी
- ५५ इंच: रुंदी सुमारे १२२ सेंमी, धूसरता सुमारे १२ मिमी
- ६५ इंच: रुंदी सुमारे १४४ सेंमी, धूसरता सुमारे १४ मिमी
- ७५ इंच: रुंदी सुमारे १६६ सेंमी, धूसरता सुमारे १७ मिमी

खोली आणि बसण्याची जागा तीच ठेवून ३२ इंची संचाऐवजी ६५ इंची संच बसवला, तर धूसरता दुपटीने वाढलेली दिसते. नवा संच जुन्यापेक्षा अधिक महाग आणि स्थिर चित्रात सरस असूनही सामना पाहताना चित्र बिघडल्यासारखे का वाटते, याचे हे एक कारण आहे.

विभेदनाच्या (रिझोल्यूशन) दृष्टीनेही हा हिशेब महत्त्वाचा आहे. पूर्ण एचडी पडद्याच्या रुंदीत १,९२० पिक्सेल असतात व फोर-के पडद्याच्या रुंदीत ३,८४० असतात. वरील उदाहरणात धूसरता पूर्ण एचडी पडद्यावर सुमारे १९ पिक्सेल, तर फोर-के पडद्यावर सुमारे ३८ पिक्सेल इतकी भरते. मिलिमीटरमध्ये ती दोन्हींवर सारखीच असते. म्हणजे हलत्या भागापुरता फोर-के विभेदनाचा लाभ जवळजवळ संपुष्टात येतो. विभेदन वाढवून गतीतील स्पष्टता वाढत नाही; त्यासाठी धारणकाळच कमी करावा लागतो.

पटल तंत्रज्ञानानुसार फरक

ऋण किरण नलिका (सीआरटी): इलेक्ट्रॉन झोताचा आघात झालेला अनुस्फुरक पदार्थ क्षणभर चमकतो आणि चौकटीच्या काळातील बहुतांश वेळ पडद्याचा तो भाग काळा असतो. डोळ्याला प्रत्येक चौकट चमकीसारखी दिसत असल्याने फरफट होत नाही. विभेदन कमी असूनही या संचांवर हलते चित्र स्पष्ट दिसे. लखलखाट (फ्लिकर) आणि वजन या त्यांच्या मर्यादा होत्या.

प्लाझ्मा: या पटलाचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लागला. यात एका चौकटीच्या काळात पिक्सेल अनेक छोट्या स्पंदांनी उजळला जातो. गतीतील स्पष्टतेसाठी हे संच नावाजले गेले. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा संचांचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतर काही काळातच हे तंत्रज्ञान बाजारातून गेले.

द्रव स्फटिक पटल: एलईडी संच, क्यूएलईडी संच व मिनी-एलईडी संच या नावांनी विकले जाणारे संच याच प्रकारात मोडतात. त्यांच्यात फरक असतो तो पार्श्वप्रकाशाच्या रचनेत आणि रंगनिर्मितीत. पूर्ण धारणकाळ आणि पिक्सेलचा प्रतिसादकाळ ही धूसरतेची दोन्ही कारणे येथे एकत्र येतात.

ओएलईडी: प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो. पिक्सेल तत्काळ बदलत असल्याने मागे सावली राहत नाही. मात्र याच गुणामुळे सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात कॅमेरा हळू फिरत असताना चौकटींमधील उड्या अधिक तीव्रतेने जाणवतात. संथ पटलावर या उड्या काहीशा मिसळून जातात.

धूसरता कमी करण्याच्या पद्धती

अधिक चौकटदर

चित्रणातच सेकंदाला अधिक चौकटी असणे हा सर्वांत निर्दोष उपाय आहे. सेकंदाला १२० चौकटी असल्यास धारणकाळ ८.३ मिलिसेकंदांवर येतो. सध्या असे चित्र प्रामुख्याने संगणक व खेळयंत्रांकडून मिळते. त्यासाठी संचाचे पटल १२० हर्ट्झचे असावे लागते आणि फोर-के विभेदन पूर्ण ठेवण्यासाठी सामान्यतः एचडीएमआय २.१ जोडणी वापरली जाते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात मात्र सेकंदाला ५० किंवा ६० हीच प्रचलित मर्यादा आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. १२० हर्ट्झ पटलावर ६० चौकटींचे चित्र दाखवताना प्रत्येक चौकट दोनदा दाखवली जाते. चौकट पडद्यावर राहण्याचा एकूण काळ त्यामुळे बदलत नाही आणि धारणजन्य धूसरताही कमी होत नाही. केवळ पटलाचा रिफ्रेश दर वाढल्याने हलते चित्र स्पष्ट होत नाही. पुढील दोन पद्धतींपैकी एकीची जोड द्यावी लागते.

काळी चौकट आणि स्पंदित पार्श्वप्रकाश

दोन चौकटींमध्ये पडदा क्षणभर काळा केल्यास किंवा पार्श्वप्रकाश थोडाच वेळ उजळल्यास धारणकाळ कमी होतो. परिणाम ऋण किरण नलिकेसारखा असतो. मात्र पडदा निम्मा वेळ काळा राहिल्यास तेजही निम्मे होते. शिवाय लखलखाट जाणवतो. तो ६० हर्ट्झपेक्षा ५० हर्ट्झला अधिक त्रासदायक असतो आणि पडदा जितका तेजस्वी व मोठा तितका वाढतो. काही प्रेक्षकांना त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो. पार्श्वप्रकाश एका चौकटीत दोनदा उजळल्यास लखलखाट कमी होतो, पण हलत्या वस्तूंच्या दुहेरी कडा दिसतात.

मधल्या चौकटींची निर्मिती

दोन खऱ्या चौकटींची तुलना करून वस्तू कोणत्या दिशेने सरकली याचा अंदाज घेतला जातो आणि मधली चौकट गणिताने तयार केली जाते. ही कल्पना द्रव स्फटिक संचांपूर्वीची आहे. १०० हर्ट्झच्या ऋण किरण नलिका संचांमध्ये चित्र दोनदा दाखवल्यामुळे दुहेरी कडा दिसत. त्यावर उपाय म्हणून फिलिप्सने १९९० च्या दशकात ‘नॅचरल मोशन’ हे तंत्र आणले. सोनीचे ‘मोशनफ्लो’, एलजीचे ‘ट्रूमोशन’ आणि सॅमसंगचे ‘ऑटो मोशन प्लस’ ही याच प्रकारच्या तंत्रांची व्यापारी नावे होत.

खेळांच्या प्रक्षेपणात ही पद्धत उपयुक्त ठरते. मात्र लहान व अतिवेगवान वस्तूंचा अंदाज चुकू शकतो. चेंडू काही चौकटींत नाहीसा होणे, बॅटच्या कडेभोवती चित्र थरथरणे, जाळीच्या किंवा कुंपणाच्या मागून जाणारी आकृती विस्कटणे असे दोष त्यातून उद्भवतात. मधली चौकट तयार करण्यासाठी पुढील चौकटीची वाट पाहावी लागत असल्याने चित्र किंचित उशिरा दिसते. म्हणूनच संचातील ‘गेम मोड’मध्ये ही प्रक्रिया सहसा बंद ठेवली जाते किंवा मर्यादित केली जाते.

चित्रपट आणि ‘सोप ऑपेरा’ परिणाम

मधल्या चौकटी भरल्यावर चित्रपट व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. याला ‘सोप ऑपेरा’ परिणाम म्हणतात. अनेक दिग्दर्शक आणि छायाचित्रकारांच्या मते यामुळे मूळ कलाकृतीचे स्वरूप बदलते. अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एका चित्रफितीद्वारे प्रेक्षकांना ही सोय बंद ठेवण्याचे आवाहन केले होते. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. या रीतीत चौकटदर, रंग आणि पडद्याचे प्रमाण मूळ चित्रपटाप्रमाणे राखले जाते आणि मधल्या चौकटी भरल्या जात नाहीत.

चित्रपटाच्या २४ चौकटी ६० हर्ट्झ पटलावर दाखवताना एक चौकट तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवावी लागते. एक चौकट ५० मिलिसेकंद व पुढची ३३ मिलिसेकंद टिकल्याने झटके जाणवतात. १२० हर्ट्झ पटलावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येत असल्याने हा दोष टाळता येतो.

भारतातील प्रक्षेपण

भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. त्यासाठी सेकंदाला २५ चौकटींची, म्हणजेच ५० अर्धचौकटींची पाल ही पद्धत वापरली गेली. एचडी वाहिन्यांमध्येही १,०८० ओळींच्या, एकाआड एक ओळी पाठवणाऱ्या आणि सेकंदाला ५० अर्धचौकटींच्या पद्धतीचा वापर रूढ झाला. आधुनिक संचाला या अर्धचौकटी जोडून पूर्ण चौकटी तयार कराव्या लागतात. हे काम नीट न झाल्यास हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. थेट सामन्यांतील चित्रगुणवत्ता त्यामुळे पटलाबरोबरच संचातील चित्रप्रक्रियेवरही अवलंबून असते.

सेट-टॉप बॉक्सकडून आलेल्या ५० हर्ट्झच्या संकेतानुसार बहुतेक संच आपला दर बदलतात. मात्र इंटरनेटद्वारे सामना दाखवणारे उपकरण ६० हर्ट्झवर स्थिर ठेवलेले असल्यास ५० चौकटी ६० मध्ये बसवाव्या लागतात. दर पाच चौकटींमागे एक चौकट पुन्हा दाखवली जाते, म्हणजे सेकंदाला दहा वेळा गती अडखळते. अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांत भारतातील सामने पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येऊ शकतो. हा दोष धूसरतेचा नसून झटक्यांचा आहे. उपकरणात मूळ चौकटदराशी जुळवून घेण्याची सोय असल्यास ती सुरू केल्याने तो दूर होतो.

मापन आणि जाहिरातीतील आकडे

जाहिरातींत दिला जाणारा प्रतिसादकाळ बहुधा एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत जाण्याचा असतो आणि तो बदलाच्या १० ते ९० टक्के भागापुरता मोजण्याची प्रथा आहे. तो धारणकाळाविषयी काहीच सांगत नाही. हलत्या चित्राचा प्रतिसादकाळ (एमपीआरटी) हे माप धारणकाळही विचारात घेते, त्यामुळे ते प्रत्यक्ष अनुभवाच्या अधिक जवळ असते. व्हेसा या मानक संस्थेने २०२२ मध्ये क्लिअरएमआर हे मानक जाहीर केले. त्यात स्पष्ट आणि धूसर पिक्सेलांच्या गुणोत्तरावरून पटलांची प्रतवारी केली जाते.

‘मोशन रेट’ किंवा तत्सम नावांनी छापलेले २४०, ९६० यांसारखे आकडे पटलाचा रिफ्रेश दर दर्शवत नाहीत. मधल्या चौकटी, पार्श्वप्रकाशाचे स्पंदन आणि चित्रप्रक्रिया यांचा एकत्रित परिणाम सांगण्यासाठी निर्माते ते स्वतःच्या पद्धतीने ठरवतात. दोन निर्मात्यांच्या अशा आकड्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही. तुलनेसाठी पटलाचा मूळ रिफ्रेश दर हा आकडा अधिक उपयोगी असतो.

चित्रगुणवत्तेचे इतर घटक

काळ्या छटेची खोली, तेज, रंगांची अचूकता, कडेने पाहताना रंग टिकणे आणि विभेदन हे चित्रगुणवत्तेचे अन्य प्रमुख घटक होत. ओएलईडी पटलावर काळा भाग पूर्णपणे प्रकाशहीन असतो. द्रव स्फटिक पटलांपैकी व्हीए प्रकारात काळी छटा अधिक गडद दिसते, तर आयपीएस प्रकारात कडेने पाहतानाही रंग तुलनेने टिकून राहतात. दिवसा उजेड असलेल्या खोलीत तेज आणि पडद्यावरील परावर्तन यांना अधिक महत्त्व येते.

विभेदनाचा लाभ बसण्याच्या अंतरावर ठरतो. सामान्य दृष्टी साधारणपणे एका कोनीय मिनिटाचा तपशील ओळखू शकते. त्यानुसार ६५ इंची पूर्ण एचडी पडद्यावरील पिक्सेल सुमारे २.६ मीटरपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. त्याहून दूर बसणाऱ्यास फोर-के विभेदनाचा फरक फारसा जाणवत नाही.

खरेदीच्या वेळची तुलना

विक्रीदालनात संच बहुधा भडक रंगांच्या व अतितेजस्वी रीतीवर लावलेले असतात आणि दाखवली जाणारी चित्रे संथ गतीची असतात. फुले, निसर्गदृश्ये किंवा रात्रीच्या शहराची दृश्ये रंग आणि विभेदन खुलवतात, परंतु गतीतील दोष त्यांत दिसत नाहीत. त्यामुळे तुलना करताना पुढील बाबी उपयुक्त ठरतात:

- सर्व संचांवर एकच चित्रफीत, शक्यतो थेट खेळाच्या प्रक्षेपणाची, पाहणे.
- आडव्या सरकणाऱ्या अक्षरांच्या पट्टीमागे नजर फिरवून अक्षरे वाचता येतात का हे पाहणे.
- चित्राची रीत ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ अशी समान ठेवणे आणि गती सुधारण्याची सोय आधी बंद, मग सुरू करून फरक पाहणे.
- काळी चौकट सुरू केल्यावर तेज किती घटते आणि लखलखाट सोसतो का हे घरातील इतरांनाही दाखवणे.
- घरी जितक्या अंतरावर बसायचे आहे तितक्याच अंतरावरून पाहणे.
- अंधाऱ्या दृश्यात हलत्या आकृतीमागे काळपट ओघळ दिसतो का हे तपासणे.

मुख्यतः चित्रपट पाहणाऱ्यासाठी काळ्या छटेची खोली व झटकेविरहित २४ चौकटी महत्त्वाच्या असतात. खेळ पाहणाऱ्यासाठी अर्धचौकटी जोडण्याची व मधल्या चौकटी भरण्याची प्रक्रिया, तर संगणकीय खेळ खेळणाऱ्यासाठी १२० हर्ट्झ पटल व कमी विलंब निर्णायक ठरतो. एकाच किमतीच्या दोन संचांमध्ये पडद्याचा आकार वाढवावा की पटलाचा दर्जा, असा प्रश्न असल्यास वरील हिशेब उपयोगी पडतो: धूसरता पडद्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते आणि धारणकाळ कमी केल्यास त्याच प्रमाणात घटते.

हेही पहा

- दूरचित्रवाणी
- ऋण किरण नलिका
- द्रव स्फटिक पटल
- ओएलईडी
- रिफ्रेश दर